खाली कुणी घेतलं?

१

गोकुळला फर्स्ट शिफ्ट असली की घरातलं सगळं घड्याळाच्या काट्यावर चालायचं. पहाटे पाचला उठायचं, सिरिंज उकळायची, नाचणीची पेज फडक्यातून गाळायची आणि आबांच्या नाकातल्या नळीतून सावकाश सोडायची. मग चौफुल्यावर कंपनीची बस. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत तो ऑपरेटर होता. दिवसभर नाकाला झोंबणारा वास घेऊन सव्वाचारला परत खुटबावच्या वस्तीवर. चप्पल काढता काढता हाक मारायची, "आबा, आलो बरं का!" आतून उत्तर ठरलेलं.

"पानी."

आबा म्हणजे त्याचे वडील, तात्याबा. निम्मा जन्म मेंढरांमागं गेला. पन्नाशीला आल्यावर कळप विकला, तीन एकर घेतले, विहीर पाडली. असा दांडगा गडी दोन हजार दोनच्या पावसाळ्यात लकव्यानं आडवा झाला तो झालाच. दुसऱ्या झटक्यानं घसा नेला. दौंडच्या डॉक्टरनं गोकुळला बाजूला घेऊन सांगितलं, "गिळायची ताकद गेलीय. जे द्यायचं ते नळीतून. तोंडानं पाण्याचा थेंबसुद्धा नाही. श्वासनळीत उतरलं की एका दिवसात खेळ खलास."

नळीतून पोटात पाणी जात होतं, पण जिभेला कुठं लागत होतं? जिभेला भेगा पडलेल्या. पाठीला मूठ जाईल एवढी जखम. आठ महिने आबांच्या तोंडातून एकच शब्द फुटत होता आणि तोच ऐकायचा नाही असं फर्मान होतं. गोकुळचं काळीज तुटायचं. ओला कापूस ओठांवरून फिरवायचा आणि मान खाली घालून निघून जायचं, दुसरं करणार काय?

होळी होऊन चार दिवस झाले होते. त्या दिवशी हाकेला उत्तर आलं नाही. गोकुळ आत गेला तर लोखंडी खाट रिकामी. आबा खाली जमिनीवर होते. अंगाखाली काळं घोंगडं नीट पसरलेलं, दोन्ही हात सरळ, धोतर पावलांपर्यंत ओढून घेतलेलं. नळी जागच्या जागी. डोळे उघडे होते आणि आबा शांतपणे आढ्याकडं बघत होते.

आता, माणूस जायला टेकलं की त्याला खाटेवरनं खाली घेतात. जीव अंतराळी जाऊ नये, पाठ भुईला लागावी, म्हणून. पण ते घरच्या माणसांनी घ्यायचं असतं, आणि घरात तेव्हा कुणीच नव्हतं.

२

हर्षदा कांदा काढून शेतातून आली, तशी गोकुळनं तिला दारातच गाठलं.

"खाली कुणी घेतलं?"

"कुनाला?"

"आबांना. आन् घोंगडं ट्रंकंतनं कुणी काढलं?"

हर्षदा आत डोकावली आणि तिच्या हातातलं खुरपं खाली पडलं. "अगं बया! अवो, मी एकची पेज दिली, कडी घातली आन् गेले. मामांची कूस बदलायला आपल्या दोघांचं कंबरडं मोडतंय. मी एकली उचलीन व्हय?"

तेही खरंच. बरं, माणूस खाटेवरनं पडला म्हणावं, तर पडलेल्या माणसाच्या खाली घोंगडं कसं येईल? लकवा सुटला म्हणावं, तर ट्रंक माळ्यावर. गोकुळनं दहा बाजूंनी विचार केला आणि दहाही बाजूंनी तो हर्षदापाशीच येऊन थांबला. मग आपलाच त्याला राग आला. आठ महिने या बाईनं सासऱ्याचं हागणंमुतणं तोंड वाकडं न करता काढलं होतं. पण दमलेलं माणूस काय करील, याचा तरी भरवसा कुणी द्यावा?

दोघांनी मिळून आबांना परत खाटेवर घेतलं. जखमेला धक्का लागला तसे आबा असे कण्हले की हर्षदानं डोळे मिटून घेतले.

हातपाय धुवायला गोकुळ अंगणात गेला तेव्हा त्याला आणखी एक दिसलं. आबांच्या खोलीतला माठ बाहेर लिंबाखाली होता. शेजारी स्टुलावरचा तांब्या, शेजारी बादली. तिन्ही भरलेली, तिन्ही ओळीनं, घरापासून चांगली वीस पावलं लांब.

"पाणी बाहेर का काढलंस?" त्यानं विचारलं.

"मला वाटलं तुमीच काढलं," हर्षदा म्हणाली. "मामांच्या नजरंला पडू नये म्हनून."

३

दुसऱ्या दिवशीही तेच. आबा खाली, भांडी बाहेर. गोकुळनं त्यांना पुन्हा उचलून वर घेतलं. त्या रात्री नवराबायको एकमेकांकडं पाठ करून झोपले.

तिसऱ्या दिवशी गुरुवार होता, त्याची सुट्टी. एकची पेज त्यानं स्वतः दिली. माठ, तांब्या, बादली खोलीत असल्याची खात्री केली. मागचं दार आतून लावलं, पुढच्याला कुलूप, किल्ली कमरेच्या करदोट्याला. मग तो हर्षदाबरोबर कांद्यात उतरला. घर तिथून शंभर पावलांवर, दार डोळ्यांसमोर. हर्षदा मान खाली घालून कांदा उपटत राहिली. आपल्यावर पहारा बसलाय, हे न कळण्याएवढी ती खुळी नव्हती.

दोनच्या सुमाराला कुठंतरी बारीक शीळ वाजली. बैलांना पाणी पाजताना घालतात ना, तशी. लांब, एकसुरी, ओठांतल्या ओठांत. शेजारचा पोपटराव बैल घेऊन विहिरीवर आला असेल, असं गोकुळच्या मनात आलं. पोपटरावानं दिवाळीतच बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता, हे त्याला जरा वेळानं आठवलं. त्यानं मान वर केली. दार बंद होतं, कुलूप लोंबत होतं.

आणि लिंबाखाली माठ, तांब्या आणि बादली ओळीनं ठेवलेली होती.

तो पळत सुटला. कुलूप काढताना किल्ली दोनदा हातातून निसटली. आत आबा घोंगड्यावर, हात सरळ, डोळे आढ्याला. मागचं दार आतून जसंच्या तसं.

हर्षदा उंबऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. "आता तरी पटलं? तीन दिस मला मारेकरीन समजून बघताय तुमी!"

गोकुळ तिच्याजवळ बसला. माफी मागायची त्याला सवय नव्हती, पण त्या दिवशी त्यानं मागितली. मग दोघांनी आबांना पुन्हा खाटेवर घेतलं.

४

गावातल्या एसटीडी बूथवरून त्यानं आत्याला बोलावून घेतलं. धुरपदा आत्या, आबांची पाठची बहीण, वढू बुद्रुकला दिलेली. सत्तरीची म्हातारी दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून हजर. भावाला बघितलं, त्याच्या कपाळावरून हात फिरवला. घोंगडं बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"ह्ये कुनी काढलं?"

गोकुळनं सगळं सांगितलं. शिळेचंही सांगितलं. आत्या भावाच्या उशाशी बसली. मग म्हणाली, "खाली घेतलेल्या मानसाला परत खाटंवर घेऊ नये, बाळा. तू तीनदा घेतलंस."

"आत्या, पण घेतलं कुणी?"

"तुझी आय तापानं न्हाई गेली, गोकुळ."

गोकुळला आई आठवतही नव्हती. गिताबाई, तापानं गेली, एवढंच त्याला ठाऊक.

"तू चार वर्साचा व्हतास. घोडनदीच्या कडंला आमचा मेंढरांचा वाडा बसला व्हता. पिसाळलेलं कुत्रं कळपात शिरलं, गिता आडवी गेली, तिला चावलं. शिरूरला नेलं आसतं तर पोटात चौदा इंजेक्शनं मिळाली आसती. पन त्याच्यापायी चौदा दिस एका जागी ऱ्हायचं. दीडशे मेंढरांनी चौदा दिस खायचं काय? दादानं जखमंत मिरची भरली, फडकं बांधलं आन् कळप फुडं हाकला. दीड म्हैन्यानं तिला पानी बघवंना झालं."

आत्यानं पदरानं तोंड पुसलं.

"घसा तहानेनं सुकल्याला, आन् पान्याचा नुसता आवाज झाला तरी आवळायचा. आमी समदी भांडी लांब नेऊन ठिवली. गावातल्या एकानं गोठ्यात जागा दिली, तिथं खाटंला बांधली तिला. दोरीनं. तीन दिस वरडत व्हती. मधीच शुद्धीवर आली की हात जोडायची. दादाला म्हनली, मला खाली घ्या. दादा आत गेला, तिला सोडली, ह्याच घोंगड्यावर निजवली आन् दार लावून घेतलं. भाईर आला तवा वरडनं थांबलं व्हतं."

"काय केलं आबांनी?"

"कुनी इचारलं न्हाई. मी बी न्हाई."

"पाप केलं का त्यांनी, आत्या?"

"मला काय इचारतोस? त्यो दिस आठवला की मला बी वाटतं, बरं केलंस दादा. आन् त्याच रातीला वाटतं, चौदा दिस थांबला आसतास तर?" ती डोळे पुसत म्हणाली, "गिता लई गुनाची व्हती रं. मेंढरं पान्यावर नेली की शीळ घालायची. बाईमानसानं शीळ घालू नये म्हनून आमची आय वरडायची. पन तिच्या शिळंबिगर मेंढरं पान्याला तोंड लावायची न्हाईत."

५

आत्याला संध्याकाळच्या एसटीत बसवून गोकुळ परत आला आणि आबांच्या खाटेजवळ बसला. डोळे एकदा मिटले की हो, अशी त्यांची खूण होती.

"आबा, तोंडानं पाणी दिलं तर तुम्ही जाल. ठावं हाय?"

डोळे मिटले.

"सोप्पं न्हाई. ठसका लागंल, जीव घुसमटंल. तरी पायजे?"

डोळे मिटले.

गोकुळ जवळ सरकला. "आईचं... तुमचं चुकलं व्हतं का?"

डोळे उघडेच राहिले. कडेनं पाणी वाहून कानात गेलं. खूप वेळानं आबा म्हणाले, "पानी." म्हणजे हो का नाही, ते गोकुळला कळलं नाही.

चुलीपाशी हर्षदा भाकऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "एक इचारू? रागावू नका. हाल कुनाचे बघवंनात? त्यांचे, का आपले?"

गोकुळला असा राग आला की ताट भिरकावून द्यावं. पण ती खोटं कुठं बोलत होती? रात्री सेकंड शिफ्टवरून येताना कितीदा मनात आलं होतं, घरी जाईपर्यंत सगळं आटोपलेलं असलं तर बरं! त्या विचाराची त्याला एवढी लाज होती की बायकोलाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

"माझ्या बी मनात येतं," हर्षदा म्हणाली. तवा उतरवून ती त्याच्यासमोर बसली. "म्हनून तर मी हात लावनार न्हाई. मी पाजलं तर मला जलमभर कळायचं न्हाई, मामांसाठी केलं का माझ्यासाठी. तुमी त्यांचं रगत हाय. तुमाला कळत आसंल तर करा. न्हाई केलं तरी मी उद्या पेज देईन, परवा बी देईन."

"आन् केलं तर?"

"तर मी तुमाला नावं ठेवनार न्हाई."

गोकुळला जेवण गेलं नाही. आपल्याला तरी कुठं कळत होतं? दोन वेळा तो उठून आबांकडं जाऊन आला. दोन्ही वेळा ते जागेच होते.

६

सकाळी त्यानं कंपनीत फोन करून रजा टाकली. एकची पेज झाली. हर्षदाला त्यानं शेतात पाठवलं. माठ आणि बादली खोलीतच ठेवली, तांब्या मात्र भरून स्वतःबरोबर घेतला, त्यात एक चमचा टाकला आणि स्वयंपाकघरात दाराच्या फटीशी मांडी घालून बसला. अजून त्याचं काही ठरलं नव्हतं. नुसतं बघायचं, असं तो मनाला बजावत होता.

पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. आबांचा श्वास खर्र खर्र येत होता. पावणेदोन झाले. माशी आबांच्या ओठावर बसली, उडाली, पुन्हा बसली.

मग शीळ सुरू झाली. शेतात वाटली होती तशी लांबून नाही. खोलीतूनच, खाटेपासून.

माठाचं बूड घासल्याचा आवाज झाला आणि माठ उंबऱ्यापलीकडं गेला. कसा गेला, ते गोकुळला दिसलं नाही, तो त्या वेळी खाटेकडं बघत होता. मागोमाग बादलीची कडी वाजली. मग घोंगडं जमिनीवर पसरलं गेलं. एक कोपरा दुमडला होता, तो कुणीतरी सरळ केला.

आबा खाटेवरून उचलले गेले. गोकुळला ओरडावंसं काही वाटलं नाही. मान लोंबकळत नव्हती. तान्ह्या पोराची धरावी तशी ती खालून धरलेली होती. पाठीची जखम कुठंही टेकणार नाही असं बेतानं, तसूतसूनं, आबा घोंगड्यावर उतरले. चार दिवसांत गोकुळनं त्यांना इतकं हळू एकदाही उचललं नव्हतं. आबांच्या पलीकडं घोंगडं दबलं आणि तिथं खळगा पडला.

"पानी," आबा म्हणाले.

शीळ तुटली. गोकुळ पुढं सरकला आणि तांब्यातलं पाणी डचमळलं. एवढासाच आवाज. पण खोलीत कुणाचा तरी घसा करकरून आवळला. कोरडा, खोल ओढल्यासारखा आवाज, आणि खाटेचा पाय धडधडा हलू लागला. त्या पायाला एका हातानं घट्ट मिठी मारली होती. सावळा, हाडकुळा हात, मनगटावर दोरीचा लालभडक वळ. गोकुळनं पापणी लववली आणि नुसता लोखंडी पाय उरला.

पंचवीस वर्षं झाली होती आणि तिला अजून पाणी सोसत नव्हतं. आबांना खाली घेणं तिला जमत होतं, मान धरणं जमत होतं, शीळ घालणं जमत होतं. तेवढं एकच जमत नव्हतं.

गोकुळला रडू आलं. तांब्या छातीशी धरून तो उठला, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबला.

"आई," तो म्हणाला. कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच हा शब्द त्यानं कुणाला तरी उद्देशून उच्चारला होता. "तू तोंड फिरव. मी पाजतो त्यांना."

७

आबा त्याच दिवशी दिवेलागणीला गेले. हर्षदा तोवर शेतातून आली होती. तिनं घोंगड्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं आणि काही न विचारता सासऱ्याचे पाय मांडीवर घेऊन बसली. शेवटचे दोन तास वाईट गेले. छाती भात्यासारखी चालली होती, ओठ काळेनिळे पडले होते. "मी काय करून बसलो," असं गोकुळ दोनदा मोठ्यानं म्हणाला. दोन्ही वेळा आबांनी डावा हात होता तेवढ्या ताकदीनं त्याच्या बोटांवर दाबला. ती बोटं त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाहीत.

दाखल्यासाठी आलेल्या डॉक्टरनं विचारलं, "तोंडानं काही दिलं होतं?"

"व्हय. पाणी मागितलं. दिलं."

डॉक्टरनं पेनाचं टोपण काढलं. "हे तुम्ही मला बोलला नाहीत," म्हणाला आणि दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला. गोकुळला ते बरं वाटलं नाही. पुढंही कुणी विचारलं की तो खरं तेच सांगायचा. कुणी पाठ थोपटली, कुणी त्याच्या घरचा चहा सोडला. आपण बरोबर केलं, असं तो कधीच म्हणाला नाही. आबांनी मागितलं होतं, एवढंच म्हणायचा.

पण त्या दुपारची एक गोष्ट त्यानं हर्षदाशिवाय कुणालाच सांगितली नाही.

त्या दुपारी तो आबांच्या अलीकडं बसला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पहिला चमचा ओठांना लावला. त्याच क्षणी पलीकडून शीळ सुरू झाली. भिंतीकडं तोंड करून घातल्यासारखी, दबलेली, मधूनमधून थरथरणारी. पण ती थांबली नाही. त्या शिळेवर आबा पाणी प्याले. पहिला घोट गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला ठसका लागला, डोळे पांढरे झाले. गोकुळनं चमचा मागं घेतला, तर आबांनी तोंड पुन्हा उघडलं. जिभेवर पाणी फिरवून त्यांनी असा उसासा टाकला की आठ महिन्यांत त्या तोंडून असा आवाज गोकुळनं ऐकला नव्हता. सात चमचे झाले.

मग आबांनी मान पलीकडं वळवली. ती मान गेले आठ महिने वळत नव्हती.

"गिता," ते म्हणाले. अगदी स्पष्ट. "आता तू पी."

शीळ थांबली. खोलीत आबांच्या छातीचा आवाज तेवढा राहिला.

गोकुळनं चमचा भरला. कुठं धरायचा ते त्याला कळेना. म्हणून आबांच्या अंगावरून हात लांब करून त्यानं तो घोंगड्यावरच्या खळग्यावर धरला, बसलेल्या बाईचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर. समोर नुसती भिंत होती. कोरडा घसा एकदा आवळला, पुन्हा आवळला. पाणी सांडू नये म्हणून त्यानं दुसऱ्या हातानं आपलंच मनगट धरून ठेवलं.

"पी, आई," तो म्हणाला. "काय होत न्हाई."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग पलीकडून चमच्याला दात लागले.